जुन्या ॲम्बेसेडरच्या रेडिओत ब्लूटूथ बसविल्यावर दर पावसाळ्यानंतर परतणारा कुईं आवाज : कारणाचा शोध आणि उपाय

आमच्या घरी १९७८ सालची ॲम्बेसेडर मार्क ३ आहे. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी, गुरांच्या कोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या छपराखाली ती उभी असते; एका बाजूला ढेपेची पोती आणि दुसऱ्या बाजूला गाईंची दावण. तिच्या डॅशबोर्डखाली जुना कार रेडिओ आहे. मध्ये आकड्यांची काचेची पट्टी, दोन्ही टोकांना हस्तिदंती रंगाचे दोन गोल नॉब आणि खाली पाच दाबबटणे, ज्यांतील तिसऱ्या बटणावरचा निकेलचा मुलामा वडिलांच्या अंगठ्याने पूर्ण झिजलेला आहे. त्या बटणावर आकाशवाणी नागपूरचे ५८५ किलोहर्ट्झचे मध्यम लहरींवरील केंद्र लावून ठेवलेले होते आणि ते आजही तिथेच लागते.

मला या रेडिओच्या रूपाला हात न लावता मोबाइलवरील गाणी गाडीत ऐकायची होती. आजकालचा तयार स्टिरिओ बसवायचा तर १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असे चौकोनी भोक पाडावे लागते, आणि ॲम्बेसेडरचा डॅशबोर्ड एकदा कापला की तो पुन्हा सांधता येत नाही. म्हणून जुना रेडिओ जागेवर ठेवून, त्याच्याच नॉबने चालणारा लहान ॲम्प्लिफायर आणि ब्लूटूथचे मॉड्यूल ग्लोव्ह बॉक्समागे लपविण्याचा मार्ग मी निवडला. हे काम दोन रविवारांत झाले. त्यानंतर जी अडचण सुरू झाली ती मात्र तीन वर्षे टिकली, आणि अशीच अडचण जुन्या पद्मिनी, जीप व ॲम्बेसेडर बाळगणाऱ्या इतरांनाही वारंवार येते असे दिसल्यामुळे तिचा संपूर्ण शोध येथे लिहीत आहे.

इंजिन बंद असताना गाणे स्वच्छ वाजत असे. इंजिन सुरू केले की स्पीकरमधून बारीक, डासासारखा कुईं आवाज येऊ लागे, रेस दिली की तो चढत जाई आणि रेस सोडली की उतरे. उपाय केला की तो काही महिने जाई, आणि पोळ्याच्या सुमारास, म्हणजे पावसाळ्याचे दोन-तीन महिने उलटल्यावर, पुन्हा येई. पहिल्या वर्षी मी बाजारात मिळणारा नॉइज फिल्टर स्टिरिओच्या धन तारेत जोडला. त्याने आवाज निम्मा झाला आणि मी समाधान मानले. दुसऱ्या वर्षी तालुक्याच्या ठिकाणच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने “भाऊ, डायनामोच गेला, दुसरा टाका” असे सांगितले. डायनामो, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारे यंत्र, न बदलता त्याचे कार्बन ब्रश आणि कम्युटेटर साफ करून घेतले, तेव्हा पुन्हा काही महिने बरे गेले. तिसऱ्या वर्षी मी सुटे भाग आणणे थांबविले आणि मल्टिमीटर घेऊन बसलो. माझे ठाम मत असे झाले आहे की या आवाजाचा शोध स्टिरिओत घेऊ नये. विजेला बॅटरीकडे परत जाण्याची जी वाट आहे, तिच्यात घ्यावा.

प्रथम आवाज कोणत्या जातीचा आहे हे कानाने ठरवावे, कारण सगळे आवाज एकाच उपायाने जात नाहीत. सलग कुईं आवाज हा डायनामोचा किंवा अल्टरनेटरचा असतो. तुटक टक्-टक्-टक् आवाज, जो रेस दिल्यावर जलद होऊन तर्रर्र असा जुळत जातो, तो प्लगच्या ठिणगीचा असतो. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनमध्ये दर फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात. म्हणजे ८०० आरपीएमच्या आयडलिंगवर सेकंदाला सुमारे २७ आणि ३००० आरपीएमवर बरोबर १००. पहिला आकडा तुटक ऐकू येतो, दुसरा घरघर वाटतो. वायपर लावल्यावरच येणारी खरखर वायपरच्या मोटरची, आणि ब्रेक दाबताच येणारा एकच फट् आवाज ब्रेक लाइटच्या स्विचचा. या शेवटच्या दोहोंसाठी फारसे काही करावे लागत नाही.

कानाची शंका फिटत नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. स्टिरिओची धन तार तात्पुरती थेट बॅटरीवरून घ्यावी, म्हणजे चाबी बंद केल्यावरही तो चालू राहील. गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून इंजिन सुमारे २००० आरपीएमवर न्यावे आणि चाबी झटकन बंद करावी. चाबी बंद होताच ठिणगी थांबते, पण इंजिन आणि डायनामो एक-दोन सेकंद फिरत राहतात. आवाज त्याच क्षणी तुटला तर तो ठिणगीचा. आवाज खाली खाली उतरत विझला तर तो डायनामोचा. आमच्याकडे तो उतरत विझला.

दुसरी परीक्षा आपल्या भागात कोणालाही करता येईल, कारण तिला लागणारी वस्तू घरोघरी आहे. कपाशीवर फवारणी करण्याचा जो पाठीवरचा बॅटरी पंप असतो, त्याच्या तळाशी १२ व्होल्टची लहान लेड-ॲसिड बॅटरी असते. ती काढून स्वच्छ पुसावी, कारण तिच्यावर औषधाचे शिंतोडे असतात, आणि हात धुऊन मग पुढचे काम करावे. स्टिरिओच्या धन आणि ऋण या दोन्ही तारा गाडीपासून सोडवून फक्त या बॅटरीला जोडाव्यात. मध्ये फ्यूज ठेवावा. स्टिरिओचा पत्रा किंवा कोणतीही तार बॉडीला लागू देऊ नये, आणि रेडिओची एरिअलची तारही काढून ठेवावी. मग इंजिन सुरू करावे. आवाज पूर्णपणे गेला तर तो पुरवठ्याच्या किंवा अर्थच्या, म्हणजे विजेच्या परतीच्या, तारेतून येत आहे असे समजावे. तसाच राहिला तर तो हवेतून, शेजारून जाणाऱ्या जाड तारांमधून स्पीकरच्या किंवा सिग्नलच्या तारेत शिरत आहे. आमच्याकडे पंपाच्या बॅटरीवर आवाज शून्य झाला, आणि माझ्या दोन वर्षांच्या खर्चाचे उत्तर तिथेच मिळाले.

आणखी एक खूण पाहून ठेवावी. व्हॉल्यूमचा नॉब पूर्ण शून्यावर नेला तरी आवाज तेवढाच राहत असेल, तर तो नॉबच्या पुढे, म्हणजे ॲम्प्लिफायरमध्ये शिरत आहे. नॉबबरोबर कमीजास्त होत असेल, तर तो नॉबच्या अलीकडे, म्हणजे ब्लूटूथच्या बाजूने येत आहे. आमच्या गाडीत तो नॉबबरोबर कमी होत असे, पण शून्यावर गेल्यावरही थोडा उरत असे. म्हणजे दोन्हीकडून येत होता.

आता अर्थबद्दल, कारण सगळा पेच तिथे आहे. जुन्या गाडीत प्रत्येक दिव्याला, मोटरला आणि रेडिओला एकच तार जाते; परतीची वाट गाडीचा पत्रा असतो. इंजिन मात्र रबरी माउंटिंगवर बसलेले असते, म्हणून त्याचा पत्र्याशी विजेचा संबंध एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीने जोडलेला असतो. डायनामो इंजिनला बोल्ट केलेला असतो आणि त्याचे ऋण टोक म्हणजे त्याचे स्वतःचे अंग. म्हणून डायनामो जेवढा करंट देतो तेवढा सगळा त्या एका पट्टीतून परत जातो. सेल्फ मारताना तर १०० अँपिअरहून अधिक करंट त्याच पट्टीतून वाहतो.

तिसऱ्या वर्षी मी गाडीखाली आडवा झालो आणि ती पट्टी पाहिली. लांबून ती शाबूत दिसत होती. जवळून पाहिल्यावर टोकाच्या लगपाशी, म्हणजे बोल्टमध्ये बसणाऱ्या धातूच्या कडीपाशी, विणीचे धागे निळसर हिरव्या भुकटीत रुतलेले दिसले. नखाने खरडले तर धागे भुकटीसह तुटून हातात आले. कोठ्यातील गोमूत्रातून अमोनियाचा वायू निघतो, पावसाळ्यात छपराखाली तो दमट हवेत कोंडून राहतो, आणि ओल्या हवेतील अमोनिया तांबे व पितळ खातो. दर वर्षी पोळ्याच्या सुमारासच आवाज का परतत होता, याचा उलगडा त्या हिरव्या भुकटीने केला. गाडी कोठ्याजवळ, खताच्या गोदामात किंवा उकिरड्याच्या बाजूला उभी करणाऱ्या प्रत्येकाने ही पट्टी हाताने ओढून पाहावी, नुसती नजरेने पाहू नये.

पट्टी कमजोर झाली तरी करंट थांबत नाही. तो दुसरी वाट शोधतो, जसे ओलिताच्या पाटाचा बांध चिखलाने भरला की पाणी शेजारच्या धुऱ्यावरून जाते. इंजिनपासून डॅशबोर्डपर्यंत धातूची दुसरी वाट म्हणजे चोकची केबल. डायनामोच्या करंटचा काही भाग चोकच्या केबलमधून वर येऊन डॅशबोर्डच्या पत्र्यात शिरत होता, आणि त्याच पत्र्याला, तिथून वीतभर अंतरावर, मी रेडिओचे ब्रॅकेट आणि ॲम्प्लिफायरचा अर्थ आवळला होता. ब्लूटूथचे मॉड्यूल मात्र वेगळ्या चार्जरवर होते आणि त्याचा अर्थ स्टिअरिंगच्या खालच्या स्क्रूला होता. एकाच सर्किटच्या दोन भागांचे अर्थ दोन ठिकाणी, आणि त्या दोन ठिकाणांमध्ये डायनामोचा करंट वाहतो आहे, अशी ती स्थिती होती. त्या दोन बिंदूंमधला जो थोडासा व्होल्टेज, तो गाण्याच्या सिग्नलमध्ये मिसळून स्पीकरपर्यंत जातो. ब्लूटूथचा सिग्नल मुळात एका व्होल्टच्या आसपासचा किंवा त्याहूनही कमी असतो, त्यामुळे व्होल्टच्या शंभराव्या भागाएवढी भेसळसुद्धा शांत गाण्यात स्पष्ट ऐकू येते.

हे मोजायचे कसे, तेही सांगतो. मल्टिमीटर ओहमवर ठेवून अर्थ तपासण्याची पद्धत येथे फसवी आहे. एखादा धागा जरी शिल्लक असला तरी मीटर जवळजवळ शून्य ओहम दाखवितो, आणि ०.०२ ओहम व ०.००१ ओहम यांतला फरक साध्या मीटरला कळत नाही. म्हणून करंट वाहत असताना व्होल्टेज मोजावा. मीटर डीसी व्होल्टच्या लहान पट्टीवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर, शिशाच्या खांबावरच, धरावे. त्यावर आवळलेल्या क्लॅम्पवर नव्हे. दुसरे टोक इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरावे आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. चांगल्या गाडीत हा आकडा ०.३ व्होल्टच्या आत राहतो. आमच्या गाडीत तो २.१ आला. सेल्फ अलीकडे जड फिरतो आहे हे मला जाणवत होते, पण मी तो बॅटरीचा दोष समजत होतो. नंतर इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून आणि गाणे मोठे करून रेडिओच्या ब्रॅकेटवर तीच मोजणी केली, तेव्हा ०.३१ व्होल्ट मिळाले. येथे ०.०५ च्या आतला आकडा हवा.

नवी पट्टी लावताना मी मुलामा दिलेली, म्हणजे कथिल चढविलेल्या तांब्याची विणलेली पट्टी घेतली, कारण कथिलावर अमोनियाचा परिणाम फार कमी होतो. लग आधी दाबून बसविले, मग सोल्डर ओतले आणि सांध्यावर चिकट अस्तराची उष्णतेने आवळणारी नळी चढविली. पत्र्यावर जिथे बोल्ट बसतो तिथला रंग आणि गंज वाळूच्या कागदाने पांढरे लोखंड दिसेपर्यंत काढला, दातेरी वायसर घातला, बोल्ट आवळला आणि शेवटी वरून पेट्रोलियम जेलीचा थर दिला. जेली आधी लावून मग बोल्ट आवळण्यापेक्षा हा क्रम मला बरा वाटतो. इंजिनच्या दुसऱ्या बाजूने आणखी एक पट्टी लावली. एवढे करून सेल्फ मारला, तर तो पूर्वीसारखा गरकन फिरला आणि सेल्फच्या वेळचा आकडा ०.१८ वर आला. कुईं आवाज त्या क्षणी तीन चतुर्थांश गेला, आणि अजून स्टिरिओला मी हात लावलेला नव्हता.

उरलेला आवाज दोन अर्थ एक केल्याने गेला. ॲम्प्लिफायर, ब्लूटूथ आणि जुन्या रेडिओचा धातूचा डबा, या तिघांच्या अर्थ तारा मी एकाच बोल्टवर आणल्या आणि तिथून एक जाड तार थेट बॅटरीच्या ऋण टोकाला नेली. धन तारही फ्यूज बॉक्समधून न घेता बॅटरीवरून स्वतंत्र आणली. तिचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच ठेवावा, म्हणजे फायरवॉलच्या, इंजिन आणि डॅशबोर्ड यांमधल्या पत्र्याच्या, भोकात तार घासून शॉर्ट झाली तर आग लागणार नाही. त्या भोकात रबरी ग्रोमेट नसेल तर काम तिथेच थांबवावे आणि आधी ग्रोमेट आणावा.

ज्यांच्या गाडीत वरील सर्व करूनही थोडा आवाज राहतो, त्यांनी ब्लूटूथच्या पाच व्होल्टकडे पाहावे. बहुतेक जण येथे एलएम२५९६ या चिपचा स्वस्त स्टेप-डाउन बोर्ड किंवा मोबाइलचा चार्जर वापरतात. ही चिप सुमारे १५० किलोहर्ट्झने चालू-बंद होते, म्हणजे तिचा चौथा गुणक ६०० किलोहर्ट्झच्या आसपास पडतो, आणि आमचे नागपूर केंद्र ५८५ वर आहे. मध्यम लहरींवर नागपूर लावले की जो एकसारखा घों घों आवाज येई, तो त्या बोर्डचा होता. ज्याला जुना रेडिओ नुसता शोभेसाठी न ठेवता खरोखर ऐकायचा आहे, त्याने असा बोर्ड रेडिओच्या जवळ ठेवू नये. ब्लूटूथ मॉड्यूल जेमतेम १०० मिलिअँपिअर घेते, त्याला जुनी, साधी ७८०५ ही चिप पुरेशी आहे. १४ व्होल्टवरून ५ व्होल्ट करताना तिच्यात एका वॉटपेक्षा कमी उष्णता निर्माण होते आणि बोटाएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा ती सहज वाहून नेतो. तिच्यातून रेडिओलहरींचा कोणताही गोंगाट निघत नाही.

ब्लूटूथ आणि ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये मी ६०० ओहमचा, एकास एक प्रमाणाचा छोटा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला आहे. त्यातून गाणे चुंबकीय मार्गाने पलीकडे जाते, पण दोन्ही बाजूंचा अर्थ एकमेकांना लागत नाही. लहान ट्रान्सफॉर्मरमध्ये अगदी खालचे सूर थोडे कमी होतात, हे खरे आहे. तरी मागच्या फळीवरच्या एका लंबगोल स्पीकरमधून ते मुळातच फारसे निघत नाहीत. नागपूरला सीताबर्डीवर गेलो तेव्हा हा ट्रान्सफॉर्मर, ७८०५ आणि बाकीचे सुटे भाग मी एकाच फेरीत आणले.

काही जण ट्रान्सफॉर्मरऐवजी बी०५०५एस हे पाच व्होल्टवरून वेगळे पाच व्होल्ट देणारे मॉड्यूल वापरतात आणि तेही चालते. त्याच मालिकेतील बी१२०५एस मात्र थेट गाडीच्या बॅटरीला जोडू नये. त्याला १२ व्होल्टच्या १० टक्के वर-खालीच चालते, आणि चार्जिंग सुरू असताना गाडीत १४ व्होल्टच्या पुढे आकडा जातो.

स्पीकरच्या बाबतीत एक चूक इतक्या गाड्यांमध्ये पाहिली आहे की ती वेगळी सांगणे आवश्यक आहे. जुन्या रेडिओचा स्पीकर पुष्कळदा एकाच तारेवर असतो आणि त्याचे दुसरे टोक मागे डिक्कीच्या पत्र्याला आवळलेले असते. जुन्या रेडिओला ते मान्य होते. कार रेडिओसाठी बनविलेली टीडीए ७३७७ सारखी आजची चिप ब्रिज पद्धतीने जोडलेली असते. तिच्या दोन्ही स्पीकर टोकांवर पुरवठ्याच्या निम्मा, म्हणजे सहा-सात व्होल्ट सतत असतो आणि कोणतेच टोक अर्थ नसते. असा स्पीकर जुन्या तारेवर तसाच जोडला, तर चार ओहमच्या कॉईलमधून दीड अँपिअर सरळ करंट वाहू लागतो. चिप स्वतःला बंद करून घेते, पुन्हा चालू होते, पुन्हा बंद होते. मालकाला वाटते की ब्लूटूथ तुटतो आहे. स्पीकरपर्यंत दोन स्वतंत्र तारा न्याव्यात, एकमेकींना पीळ देऊन, आणि इंजिनकडून मागे जाणाऱ्या तारांच्या जुडग्यापासून दूर, दुसऱ्या बाजूच्या दाराच्या खालून. स्पीकरचे कोणतेही टोक बॉडीला लागत नाही ना, हे चिप जोडण्याआधी मीटरने पाहावे.

आम्ही स्पीकर एकच ठेवला आहे, म्हणून डावा आणि उजवा असे दोन्ही आवाज एकत्र करावे लागले. त्या दोन तारा सरळ एकमेकींना पिळून जोडू नयेत, प्रत्येकीत २.२ किलोओहमचा एक रोधक घालून मग पुढे एकत्र कराव्यात, नाहीतर मॉड्यूलची दोन आउटपुटे एकमेकांशी झुंजतात आणि आवाज फाटतो.

ज्यांचा आवाज टक्-टक् जातीचा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. प्लगवर पाच किलोओहमच्या रोधकाच्या कॅप किंवा कार्बनच्या गाभ्याच्या हाय टेन्शन तारा, यांपैकी एकच उपाय करावा; दोन्ही एकदम केले तर थंडीच्या दिवसांत सकाळी ठिणगी कमजोर पडते. इग्निशन कॉईलवर कंडेन्सर लावायचा तर तो चाबीकडून येणाऱ्या टोकावर लावावा, पॉइंटकडे जाणाऱ्या टोकावर कधीही नाही. डायनामोवर कंडेन्सर लावताना हाच विवेक हवा : एक मायक्रोफॅरडचा, धातूच्या आवरणाचा कंडेन्सर जाड तारेच्या टोकावर बसवावा. बारीक तारेचे टोक फील्डचे असते. तिथे कंडेन्सर लावला तर चार्जिंग सांभाळणाऱ्या कट-आऊटमधील रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. ज्यांच्याकडे अल्टरनेटर आहे आणि आवाज अचानक वाढला आहे, शिवाय चार्जिंगही कमी वाटते, त्यांनी त्यातील एखादा डायोड गेला आहे का ते आधी तपासून घ्यावे, कारण तसे असल्यास कोणताही फिल्टर उपयोगी पडणार नाही.

एक सावधगिरी फार जुन्या गाड्यांसाठी. इंग्लंडच्या आराखड्यावर बनलेल्या जुन्या गाड्यांपैकी कित्येकांत बॅटरीचे धन टोक बॉडीला असते. आपल्या गाडीत कोणते टोक बॉडीला आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नवा ॲम्प्लिफायर जोडू नये. उलट जोडला तर तो पहिल्याच क्षणी जळू शकतो. बॅटरी उलटी करून घ्यायची असेल, तर डायनामोला नव्या दिशेने पोलराइझ करणे (म्हणजे त्याच्या चुंबकत्वाची दिशा बदलणे), कॉईलच्या दोन तारा अदलाबदल करणे आणि अँपिअर मीटर असेल तर त्याच्याही तारा फिरविणे, ही तिन्ही कामे एकाच दिवशी, माहितगार माणसाकडून पूर्ण करावीत.

ब्लूटूथ मध्येच तुटण्याची तक्रार स्वतंत्र आहे. मॉड्यूलचा अँटेना त्याच्या पाटीवरच नागमोडी रेघेसारखा छापलेला असतो, आणि मॉड्यूल जुन्या रेडिओच्या लोखंडी डब्यात बंद केले की लहरी बाहेर पडत नाहीत. मी ते डब्यातून काढून ग्लोव्ह बॉक्सच्या पुठ्ठ्यामागे ठेवले. ते बसविताना गरम गोंद किंवा दुहेरी टेप वापरू नये. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, बंद गाडीत डॅशबोर्ड त्याहून कितीतरी अधिक तापतो, आणि दुपारी चिकटविलेली वस्तू संध्याकाळी तारांना लोंबत असते. स्क्रू आणि फायबरचे वायसर वापरावेत. इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरही ८५ अंशांचे न घेता १०५ अंशांचे घ्यावेत. किमतीत थोडाच फरक पडतो. तारांवर कापडी टेप न गुंडाळता नालीदार नळी चढवावी, कारण ढेपेच्या वासाने येणारे उंदीर कापडी टेपचे घरटे करतात. आमच्या गाडीतील एक स्पीकरची तार अशीच अर्धी कुरतडलेली सापडली होती.

डायनामो किती भार उचलू शकतो याचा हिशेबही करून ठेवावा. लुकासच्या सी-४० जातीच्या डायनामोची पूर्ण क्षमता २२ अँपिअर असते आणि आयडलिंगवर तो जवळजवळ काहीच देत नाही. ५५ वॉटचे दोन हेडलाइट नऊ-दहा अँपिअर घेतात, वर टेल लाइट आणि इग्निशन. अशा गाडीत डिक्कीत मोठा ॲम्प्लिफायर बसविणे म्हणजे रात्रीच्या लग्नाच्या वरातीत बॅटरी उतरविणे होय. चार ओहमच्या एका स्पीकरवर १५-२० खरे वॉट आमच्या संपूर्ण गाडीला पुरून उरतात, आणि त्यासाठी सरासरी दीड-दोन अँपिअरपेक्षा अधिक लागत नाही.

आता नॉब. जुन्या रेडिओच्या डाव्या नॉबला टक् करून चालू होणारा स्विच असतो. गाडीत बसल्यावर बोटाला जो पहिला अनुभव मिळतो तो या टकाराचा, आणि तो घालवायचा नाही हे मी पहिल्या दिवशीच ठरविले होते. पण त्या स्विचचे पॉइंट नाजूक असतात, म्हणून ॲम्प्लिफायरचा करंट त्यातून न नेता मी फक्त एक लहान रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, त्यावर चालविला आहे; रिलेच्या कॉईलला आडवा एक १एन४००७ डायोड लावला, म्हणजे बंद करताना स्पीकरमध्ये ठिणगीचा फट् आवाज येत नाही. ब्लूटूथ आणि ॲम्प्लिफायर या दोघांना वीज त्या रिलेतूनच मिळते. जुना रेडिओ ऐकायचा असेल तेव्हा डॅशबोर्डखाली, वरून न दिसणाऱ्या जागी बसविलेला एक साधा टॉगल ब्लूटूथचा पुरवठा तोडतो आणि स्पीकर रेडिओकडे वळवितो. आकड्यांच्या पट्टीमागचा मूळ २.२ वॉटचा दिवा तसाच ठेवला आहे. एलईडी टाकण्याचा मोह झाला होता, पण तिचा प्रकाश पांढरा पडतो आणि काचेवरचे आकडे ओळखीचे वाटत नाहीत.

सर्व काम झाल्यावर ब्रॅकेटवरची मोजणी ०.०२ व्होल्ट आली. तो आकडा, तारीख आणि सेल्फच्या वेळचा ०.१८ असे दोन्ही मी एका पुठ्ठ्यावर लिहून ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लावले आहे. गेल्या पोळ्यानंतर पुन्हा मोजले, तेव्हा ब्रॅकेटचा ०.०२ तसाच होता आणि सेल्फचा ०.२१ झाला होता. एक बोल्ट पाव फेरा आवळल्यावर तो पुन्हा ०.१८ वर आला. कुईं आवाज आलेला नाही. त्याच दिवशी बॅटरीची धन तार सोडवून मध्ये मीटर लावला आणि रेडिओचा नॉब टक् करून बंद केला, तेव्हा मिलिअँपिअरच्या पट्टीवर काटेकोर शून्य होते, म्हणजे सोंगणीच्या धामधुमीत गाडी पंधरा दिवस छपराखालीच राहिली तरी बॅटरी या स्टिरिओमुळे उतरणार नाही.